सर्जा हे कुत्र्याचं नाव होऊ शकतं का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी कारवानी जातीचा 'नर श्वान' आणलाय, पिल्लूच आहे अजून. रॉकी, ब्रुनो, शेरू असलं काही नको, 'युनिक' नाव हवं. मुलगा म्हणतो वाघ्या ठेवूया. ताईंच्या मनात सर्जा आहे, पण सासरे म्हणतात, सर्जा हे बैलाचं नाव, कुत्र्याला कसं देता? तर सर्जा म्हणजे नेमकं काय, असं त्यांनी विचारलंय.

आधी त्या 'नर श्वाना'चं बघू. ताई, रागावू नका, पण हे ऐकून ऐकून कान किटलेत. कुत्रा, कुत्री, कुत्रं अशी तिन्ही लिंगं मराठीनं आयती हातात दिलेली आहेत. कुत्रा म्हटलं की तो नरच. 'नर कुत्रा' म्हणजे नुसता शब्दांचा भार, आणि 'मादी कुत्रा' म्हणणाऱ्यांना तर काय सांगावं! दुसरं, कुत्रा म्हणायला लाज वाटते म्हणून श्वान म्हणायचं, हे सोवळं अलीकडचं आहे. पोलिसांचं श्वानपथक ठीक, ते खात्याचं नाव झालं. पण आपल्या दारात भाकरी खातो तो कुत्रा. त्यात कमीपणा कसला? पाणिनीनं कुत्रा, तरुण आणि इंद्र यांना एकाच सूत्रात बसवलंय, 'श्वयुवमघोनामतद्धिते'. इंद्राच्या पंगतीला बसलेल्या जनावराचं नाव घ्यायला आपण का बिचकावं?

रॉकी-ब्रुनोबद्दल फार बोलत नाही. ब्रुनो म्हणजे मुळात तपकिरी. रंकाळ्यावर सकाळी काळेकुळकुळीत लॅब्रॅडॉर 'ब्रुनो' म्हणून हाकारले जातात तेव्हा जीव कळवळतो, एवढंच.

वाघ्या चांगलं नाव आहे, पण 'वाघासारखा शूर म्हणून वाघ्या' एवढ्यावर थांबू नका. वाघ्या हा खंडोबाचा भक्त. गळ्यात भंडाऱ्याची वाघाच्या कातड्याची पिशवी बाळगणारा, देवापुढं स्वतःला देवाचा कुत्रा मानून भुंकणारा, कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, अन्न कुत्र्यासारखं तोंडानं खाणारा. म्हणजे हे नाव वाघाकडून थेट कुत्र्याकडं आलेलं नाही, मधे देव उभा आहे. मुलाला हे सांगून मग काय ते ठरवा. फक्त वेगळं नाव हवं असेल तर हे नव्हे. गल्लीगल्लीत वाघ्या आहेत.

आता सर्जा. ताई, तुम्ही सहज सुचवलेलं हे नाव म्हणजे रत्न आहे.

फारसीत 'शर्ज़ा' असं विशेषण आहे. अर्थ हिंस्र, चवताळलेला. ते बहुतेक सिंहाला लागतं : 'शेर-ए-शर्ज़ा', चवताळलेला सिंह. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात या शब्दाला मोठा मान होता. विजापूरला मुलूख-ए-मैदान तोफ ज्या बुरुजावर आहे त्याचं नाव शर्ज़ा बुरूज, आणि त्यावर सिंह कोरलेले आहेत. आदिलशाहीतल्या सरदाराचा किताब शर्ज़ाखान. मराठी तोंडात तो सर्जाखान झाला. 1687 साली वाईजवळ ज्या लढाईत मराठ्यांचे सरसेनापती हंबीरराव मोहिते पडले, ती याच सर्जाखानाशी झालेली. श चा स कसा झाला, असं विचाराल, तर शर्बतचं सरबत ज्या जिभेनं केलं तिनंच शर्ज़ाचं सर्जा केलं.

आता खरी गंमत बघा. त्या 'शेर-ए-शर्ज़ा'चे आपल्याकडं दोन तुकडे पडले. पहिला तुकडा शेर. त्याचा झाला शेरू, आणि तो देशभरातल्या कुत्र्यांना वाटून टाकला गेला. दुसरा तुकडा शर्ज़ा. तो विशेषणाचा नाम झाला, सिंह गळून पडला तरी सिंहाचा अर्थ अंगावर घेऊन उभा राहिला. तुम्हाला शेरू नको आणि सर्जा हवा, म्हणजे एकाच शब्दजोडीतला झिजलेला अर्धा भाग सोडून न झिजलेला अर्धा भाग तुम्ही निवडलाय! कवी भूषण शिवाजी महाराजांना 'सरजा' म्हणतो तेही याच अर्थानं.

इथं काही अभ्यासक आडवे येतात. म्हणे सरजा म्हणजे 'सरजाह', मोठ्या पदाचा माणूस. अहो, बुरुजावर दगडात सिंह बसलेत, ते दिसत नाहीत का? नुसतं पदच सांगायचं असतं तर गवंड्यानं तिथं सिंहासन कोरलं असतं. दुसरा पक्ष त्याहून धाडसी. ते सर्जाचा संबंध संस्कृत 'सृज्'शी, सर्जनाशी लावतात, म्हणजे सर्जा हा 'निर्मिती करणारा'. प्रत्येक फारसी शब्दाला ओढूनताणून संस्कृत आजा शोधायचा, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. फारसीतून आलेला शब्द मराठी मातीत शेकडो वर्षं राबला की तो मराठीच. त्याला खोट्या वंशावळीची गरज नाही.

कोल्हापूरकरांनी तर या शब्दाबाबत गप्प बसूच नये. सर्जेराव हा कागलकर घाटग्यांचा पिढीजात किताब. दौलतराव शिंद्यांचे सासरे, बायजाबाईंचे वडील सखाराम घाटगे, ते सर्जेराव. आणि त्याच कागलच्या घाटगे घराण्यात 1874 साली जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये दत्तक येऊन आपले शाहू महाराज झाले. सर्जाचा सर्जे झाला तो रावापुढं, जसा खंड्याचा खंडे होतो खंडेरावात. खंड्यावरून आठवलं, साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याचं नाव खंड्या. संगम माहुलीला त्याचं दगडी स्मारक आहे, वाघापासून धन्याला वाचवलं अशी कथा सांगतात. म्हणजे ज्या नावापुढं राव लागतो ते नाव कुत्र्याला देण्यात आपल्या मोठ्या माणसांनाही वावगं वाटलेलं नाही.

तर मग बैल मधे कुठून आला? सासऱ्यांचं म्हणणं रिवाजाच्या दृष्टीनं खरं आहे. आपल्याकडं बेंदराला शिंगांना हुरमुंजी लावून (हा रंगही इराणच्या होर्मुझचं नाव मिरवतो, पण ते पुन्हा कधीतरी) झूल घालून बैल निघतात, त्यांत सर्जा-राजाची जोडी असायचीच. पण बैलांची नावं नीट ऐका. त्यांचे दोन कुळ आहेत. एक रंगाचं : ढवळ्या म्हणजे धवल, पवळ्या म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा. दुसरं दरबाराचं : राजा, सर्जा. माझं ठाम मत असं की बैलाला सर्जा नाव सिंहावरून मिळालेलंच नाही, ते सर्जेरावांवरून मिळालं. या भागातला शेतकरी पावसाळाभर नांगर धरायचा आणि दसऱ्यानंतर सरदाराच्या मागं मोहिमेवर जायचा. घरी परतल्यावर त्यानं गोठ्यातल्या जोडीला छावणीत ऐकलेली सर्वांत मोठी दोन नावं दिली. राजा सिंहासनावरचा, सर्जा त्याच्या उजव्या हाताचा. म्हणून तर जोडी सर्जा-राजा अशी आहे. 'सर्जा-ढवळ्या' अशी जोडी कुणी लावलेली ऐकलीय? दोन कुळं एका जुवाला जुंपत नाहीत. म्हणजे बैलानंही हे नाव सरदाराकडून उसनंच घेतलंय. सासऱ्यांना एवढं सांगा. जुन्या पिढीला खोटं पाडायचं नाही, पण बैलाची मक्तेदारीही मानायची नाही.

कुत्र्याला तर ते जास्तच शोभतं. तुमचं पिल्लू कारवानी. कारवान म्हणजे काफिला, हाही फारसीच शब्द. या जातीची झुपकेदार केसांची तऱ्हा आपले लोक पश्मी म्हणतात, ते पश्म म्हणजे लोकरीवरून. जात फारसी, नाव फारसी, आणि दोन्ही मराठी मुलखात रुळलेली. याहून नेमकं काय हवं?

हाकेलाही नाव उत्तम. दोन अक्षरं, शेवटी मोकळा आ, त्यामुळं उसाच्या फडापलीकडं आवाज जातो. महिन्याभरात घरात त्याचं सर्ज्या होईल, 'सर्ज्या, ये की रं इकडं!' ते होऊ द्या. मोतीचा मोत्या झाला, रॉकीचाही रॉक्या होतो, मराठी तोंड पुल्लिंगी नावाला लाडानं 'या' लावतंच. लिहिताना मात्र लसीच्या कार्डावर 'सर्जा' लिहून घ्या, रफार ज वर. दवाखान्यात 'सरजा' लिहितात, कुणी 'सार्जा'ही लिहील. सार्जा बाईमाणसाचं नाव आहे, ते तेवढं खोडायला लावा.