दीड तास की पन्नास मिनिटं?

प्रश्न : मी नागपूरहून मुंबईला लेकीकडे जाते. तिकिटावर १ तास ३५ मिनिटं लिहिलेली असतात. मागच्या खेपेला वैमानिक म्हणाला, १ तास १० मिनिटांत उतरू. नातवाने मोबाइलवर अंतर काढलं, ६८० किलोमीटर. विमान ताशी आठशेने जातं, म्हणजे पन्नास मिनिटं! खरं काय धरायचं? जावई उगाच ताटकळतात हो.
– एक आजी, धंतोली, नागपूर

उत्तर : आजी, तिघंही खरंच सांगतात. फक्त प्रत्येकाचं घड्याळ वेगळ्या ठिकाणी सुरू होतं.

आधी नातवाचं बघू. नकाशावर सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, मुंबईपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती जवळपास छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरून जाते. पण ताशी आठशेचा वेग मिळतो तो पूर्ण उंचीवर. तिथवर चढायलाच वीसेक मिनिटं लागतात, तोवर तुम्ही अकोला-वाशीमच्या आसपास आलेल्या असता. आणि उतरणं? आम्हा विमानवाल्यांचा तोंडी हिशोब असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचं तर १०५ सागरी मैल, म्हणजे १९५ किलोमीटर आधीच इंजिनं मंदावतात. चहाचा कप रिकामा होतो न होतो तोच संभाजीनगर मागे पडतं आणि कानाला दडे बसायला लागतात, ते यामुळेच. दहा हजार फुटांखाली तर वेग २५० नॉट, ताशी साधारण ४६३ किलोमीटर, एवढाच ठेवतात. चढ-उतारात निम्म्याहून जास्त अंतर गेलं, मग आठशेने पळायला उरलं किती?

वैमानिक सांगतो ती फक्त हवेतली वेळ, चाकं जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतची. थंडीत वारा पश्चिमेकडून जोरात असतो, त्यामुळे तुम्हाला मुंबईकडे येताना पाच-सात मिनिटं जास्त लागतात. परतताना तोच वारा पाठीशी.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. नागपूरला चाकांचे चोक, म्हणजे अडकण, काढून विमान जागेवरून हललं, की मुंबईला जागेवर थांबेपर्यंत. यात मुंबईला उतरायची रांग येते. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. मी डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणाआधी मार्ग-इंधनाचा हिशोब करणाऱ्या विभागात, असताना नागपूरच्या फेरीला रांगेसाठीचं इंधन धरूनच कागद करायचे, आणि ते बऱ्याचदा जळायचंच! कंपन्याही वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात. रांग नसली की तुम्ही वीस मिनिटं लवकर पोहोचता आणि हवाई सुंदरी ते कौतुकाने सांगते.

जावयांना तिकिटावरचीच वेळ द्या, वर पंधरा मिनिटं पट्ट्यावरच्या बॅगेची. संत्रा बर्फीचा डबा हातातल्या पिशवीत असेल आणि बॅग टाकलीच नसेल, तर ती पंधरा वजा करा.