चिपळूणला आईच्या स्तनातली गाठ काढली. केमो लागू पडेल का, हे जीन टेस्टने आधी कळतं का?

काही प्रमाणात कळतं, पण ‘अमुक औषध चालेल’ असं नाही; केमोचा फायदा होण्याजोगा आहे का, एवढंच. आईंचं वय 58, गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली), काखेत प्रसार नाही असं तुम्ही लिहिलंय. गाठीतल्या 21 जीन्स किती सक्रिय आहेत ते मोजून स्कोअर देणारी ऑन्कोटाइप डीएक्स ही चाचणी अशाच रुग्णांसाठी आहे. 2018 च्या टेलरएक्स अभ्यासात पन्नाशीपुढच्या अशा स्त्रियांना स्कोअर 25 पर्यंत असताना हार्मोनच्या गोळ्यांबरोबर केमो देऊन जास्त काही मिळालं नाही. त्याच्या वर गेला तर केमोचा सल्ला देतात. मी रत्नागिरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, म्हणून एक सांगतो: चाचणी गाठीच्या मेणातल्या ब्लॉकवर, म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा असतो त्यावर होते. आईंना मुंबईची दगदग नको, गाठ जिथे तपासली त्या लॅबकडून ब्लॉक मागून घ्या. खर्च मोठा आहे, आधी ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारा. आणि ‘कुठली केमो चालेल ते जीन्सवरून सांगतो’ म्हणणाऱ्यांपासून जरा जपून. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरून तसा दावा करणारा, 2006 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेला गाजलेला पेपर 2011 मध्ये मागे घ्यावा लागला.