ऊस हंगामात लातूर-मुरूड रस्त्यावर रात्री मोटारसायकलवरून ट्रकला ओव्हरटेक कसं करायचं?

ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल इतकं अंतर मागे राहा, समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला की फक्त उजवीकडून काढा. डावीकडे कितीही जागा दिसली तरी तिकडून नको. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे केबिनच्या डाव्या दाराखालची मोटारसायकल त्याला दिसतच नाही. वळताना हाच ट्रक आधी थोडा उजवीकडे जातो आणि मग डावीकडे येतो, तेव्हा त्या फटीत शिरलेला माणूस मागच्या चाकाखाली सापडतो. इंडिकेटरवर विसंबू नका. डावा इंडिकेटर म्हणजे ‘जा पुढं’ असंही असतं आणि ‘मी वळतोय’ असंही. पुढे गेल्यावर लगेच आडवं येऊ नका, त्याचे दोन्ही हेडलाइट तुमच्या आरशात दिसू द्या. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकला भरून २८.५ टनांपर्यंत परवानगी आहे. एवढं वजन पटकन थांबत नाही, आणि हवेच्या दाबावर चालणारे एअर ब्रेक लागायलाही क्षणभर वेळ जातो.

मात्र उसाच्या ट्रॅक्टरला आरशाचा नियम लागू पडत नाही. दोन ट्रॉल्या आणि बाहेर आलेल्या मोळ्यांमुळे ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, टेप मोठ्यानं लावला असेल तर हॉर्नही ऐकू जात नाही. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली तर अगदी जवळ गेल्यावरच कळते, म्हणून कारखान्याच्या वाटेवर नोव्हेंबर ते मार्च रात्री चाळीसच्या आतच चालवा, आणि दोन्ही ट्रॉल्या ओलांडण्याइतका सरळ रस्ता मिळेपर्यंत मागेच राहा.