टीएत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत (प्रादेशिक सेनेत) नवीन लागलायस? गेटवर जायच्या आधी एवढं वाच

भावा, भरती झालास, लई भारी वाटलं. पण कोल्हापुरात टेंबलाई टेकडीवर १०९ टीए बटालियनच्या गेटवर पहिल्यांदा जाशील तेव्हा अंगात वर्दी आहे म्हणजे सोडतीलच असं धरून चालू नको. गेटवरचा जवान बघतो ते ओळखपत्र आणि कशाला आलायस त्याचा कागद, कॅम्पचं बोलावणं असेल तर ते पत्रच हातात ठेव, मोबाईलमधला फोटो दाखवत बसू नको. कार्ड वरच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पाकिटात. मी पहिल्या वर्षी सॅकच्या तळाला ठेवलेलं आणि भर पावसात चपातीच्या डब्याखालनं काढेपर्यंत मागं सगळी लाईन थांबली, वर कार्ड भिजलं ते वेगळंच. गाडीवर असशील तर हेल्मेट, लायसन, आरसी. दोस्ताला मागं बसवून आत न्यायचं नाही.

आणि हे कळकळीनं सांगतोय, आत फोटो नाही, रील नाही, स्टेटसला पण काही नाही, १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आपल्यालाही लागू आहे. दुसऱ्या गावच्या कॅन्टोन्मेंटला गेलास तर तिथले नियम तिथलेच, आधी विचारून जा. अडवलंच तर आवाज चढवू नको, गार्ड कमांडरला बोलवायला सांग आणि बाजूला थांब.