झाड पाडण्याआधी बुंध्याशी बसून बघा

पार्किंगमधला सोनमोहोर जरा कललाय, पेव्हर ब्लॉक उचलले गेलेत, म्हणून कमिटी तो पाडून दहा रोपं लावू म्हणतेय, असं तुम्ही लिहिलंय. थोडं थांबा.

आमच्याकडे पुण्यात तीन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात असाच एक सोनमोहोर आडवा झाला. नशीब, खाली फक्त दोन स्कूटर होत्या. सकाळी मुळं पाहिली. काँक्रीट पार बुंध्याला चिकटवून ओतलेलं, आणि ड्रेनेजच्या खोदाईत एका बाजूची जाड मुळं कधीतरी तोडलेली. तुटकी टोकं काळी पडलेली, बोटांनी चुरली जात होती. वर ठेकेदाराने एकाच अंगाच्या फांद्या छाटून तोल घालवलेला. मीटिंगमध्ये मात्र 'झाडच ठिसूळ' असं ठरलं!

अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना हवाही लागते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते याचसाठी. तुम्हीही निदान तेवढे ब्लॉक काढा, माती भुसभुशीत करा, पालापाचोळा तिथेच पसरा. कल नवा आहे की जुना, हे जाणकाराकडून पावसाळ्याआधी तपासून घ्या. कलाच्या उलट बाजूला जमिनीला भेग दिसली, तर मात्र दिरंगाई नको.

पाडायचंच ठरलं तर झाड खाजगी आवारात असलं तरी महाराष्ट्राच्या 1975 च्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर जेवढं झाडाचं वय तेवढी रोपं लावावी लागतात, त्यामुळे 'दहा रोपं' हा हिशोब कमिटीने पुन्हा करावा. आणि रोपांची सावली कधी मिळणार? मे महिन्यात दुपारी दोनला झाडाखालच्या आणि उन्हातल्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवून बघा. सावलीबरोबर पानांतून निघणारी वाफही हवा थंड करत असते.

नवीन लावायचंच असेल तर बहावा, ताम्हण किंवा बकुळ. वड-पिंपळ भिंतीलगत नकोत. परक्या झाडांना नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. गुलमोहर मादागास्करचा, पण आमचं बालपण त्याच्याच सावलीत गेलं.

फोटो टाका, पण फुलांचा नको. बुंधा आणि भोवतीची दोन हात जमीन दिसेल असा.