आधी रुग्ण, मग फोन : एन्क्लेक्सच्या सरावाबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करायचं तर एन्क्लेक्स-आरएन पास व्हावं लागतं. कॅनडातही २०१५पासून हीच परीक्षा लागू झाली. एप्रिल २०२३मध्ये तिचं स्वरूप बदललं आणि तेव्हापासून 'वाचायचं काय'पेक्षा 'प्रश्न सोडवायचे कसे' हे विचारणारी पत्रं जास्त येतात. त्यांतली काही या वेळी घेतली आहेत.

आयसीयूत सहा वर्षं काम करते आहे. सरावाचे दोन हजार प्रश्न सोडवले, तरी गाडी ५५ टक्क्यांवरच अडलेली. आणखी किती सोडवू?
— स्टाफ नर्स, नाशिक

आणखी नकोत. निदान पंधरा दिवस नवा प्रश्न उघडू नका. दोन हजारांत ५५ टक्के म्हणजे तुमच्या जवळपास नऊशे चुका पडून आहेत, आणि खरा अभ्यास त्यांतच आहे. बहुतेकजणी चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर वाचतात, 'हां, हे माहीत होतं' म्हणतात आणि पुढे जातात. माहीत होतं तर चुकलं का, हे मात्र तपासलं जात नाही.

एक प्रश्न जवळून बघा. प्रसूतीला दोन तास झाले आहेत. पंधरा मिनिटांत पॅड पूर्ण भिजलं. फंडस, म्हणजे गर्भाशयाचा वरचा भाग, मऊ लागतोय, मध्यरेषेत आहे. सर्वांत आधी काय कराल? पर्याय चार : डॉक्टरांना कळवणं, फंडसला मसाज, बीपी घेणं, ऑक्सिटोसिनचा वेग वाढवणं. आपल्या वॉर्डात वाढलेला हात आधी फोनकडे जातो. उत्तर मात्र मसाज. गर्भाशय सैल पडल्यामुळे रक्त जातंय, ते हाताने आकुंचन पावतं, त्याला ऑर्डर लागत नाही आणि काही सेकंदांत सुरू करता येतं. बीपी घेऊन कृती बदलणार नाही. शिवाय बाळंतिणीचं बीपी उशिरा पडतं, त्यामुळे चांगलं आलेलं बीपी उलट फसवेल. ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आकुंचन पाववणारं औषध, ते वाढवायला ऑर्डर हवी.

आता प्रश्नातला एकच तपशील बदला : फंडस बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेला, पण घट्ट. मूत्राशय भरलंय. आधी लघवी करवून घ्यायची. पुन्हा बदला : फंडस घट्ट, मध्यरेषेत, तरी ताजं लाल रक्त सतत झिरपतंय. आता संशय योनिमार्गाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या फाटण्याचा. तुमच्या हाताने होण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून इथे फोन हेच बरोबर उत्तर.

चुकलेला प्रत्येक प्रश्न असा दोनदा फिरवून बघा : काय बदललं असतं तर मी निवडलेला पर्याय बरोबर ठरला असता? यासाठी वही करा आणि प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा. 'मा' म्हणजे माहितीच नव्हती, 'वा' म्हणजे वाचताना शब्द निसटला, 'क्र' म्हणजे कशाला आधी हात घालायचा ते चुकलं, 'ब' म्हणजे बरोबर उत्तर शेवटच्या क्षणी बदललं. तीनशे चुका झाल्या की अक्षरं मोजा. 'मा' जास्त असतील तर पुस्तकाकडे जा. अनुभवी नर्सेसचे बहुधा 'क्र' जास्त निघतात आणि त्यावर पुस्तक पुन्हा वाचून काही होत नाही.

पंधरा दिवसांनंतर नवे प्रश्न रोज ५० पुरे. सोडवायला तासभर, तपासायला दोन तास. वेळेचं प्रमाण उलटं असेल तर तो सराव नव्हे, करमणूक.

'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय दिसला की सोडून द्यायचा, असं क्लासमध्ये सांगतात. खरं आहे का?
— जीएनएम, कोल्हापूर

नाही. असे ठोकताळेच घात करतात. आधी एवढंच बघा : प्रश्नात नर्सने करायची गोष्ट करून झाली आहे का? मॅग्नेशियम सल्फेट चालू आहे, श्वसन मिनिटाला १०, गुडघ्याचा रिफ्लेक्स मिळत नाही, म्हणजे औषध जास्त झालंय. आधी इन्फ्यूजन बंद, मग कळवणं, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी. पण 'नर्सने इन्फ्यूजन बंद केलं आहे, पुढे काय?' असं विचारलं, तर कळवणं बरोबर.

चार रुग्णांपैकी आधी कोणाला बघायचं, या प्रश्नांत माझा नेहमी गोंधळ होतो.
— बी.एस्सी. नर्सिंग, लातूर

आकडा किती वाईट यापेक्षा तो त्या आजारात अपेक्षित आहे का, हे विचारा. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाचं सॅच्युरेशन ८९ टक्के : त्याच्यासाठी ८८ ते ९२ हेच उद्दिष्ट असतं. मांडीचं हाड मोडून दोन दिवस झालेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन ९३, पण तो अचानक बेचैन झालाय आणि छातीवर बारीक लाल ठिपके दिसताहेत : फॅट एम्बोलिझमचा, म्हणजे चरबीचे कण रक्तवाहिन्यांत अडकल्याचा संशय, आधी तोच रुग्ण. ८९ बघून पहिल्याकडे धावणाऱ्या बऱ्याच असतात.

काम वाटून देण्याच्या प्रश्नांत आपली अडचण वेगळी. आपल्याकडे मावशी, वॉर्डबॉय आणि नातेवाईक मिळून अर्धा वॉर्ड चालवतात, कोणी काय करायचं हे कागदावर नसतं. तिथे ते असतं. नर्सिंग असिस्टंटकडे अंघोळ, स्थिर रुग्णाचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वसन), इनटेक-आउटपुट, चालवणं. एलपीएनकडे (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, आरएनच्या खालची पायरी) स्थिर रुग्णाची ठरलेली औषधं, ड्रेसिंग. पहिलं असेसमेंट, शिकवणं, परिणाम तपासणं आणि अस्थिर रुग्ण हे आरएनचंच. 'चालवणं' असिस्टंटचं असलं तरी शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा उठवणं आरएनचं. 'व्हायटल्स' तिचे असले तरी आत्ताच भरती झालेल्याचे आरएनचे. प्रश्नात 'पहिल्यांदा', 'नुकताच', 'अचानक' हे शब्द दिसले की थांबा.

'लागू असलेले सर्व पर्याय निवडा' यात शंका आली तर सगळ्यांवर टिक करावी का?
— ठाणे

पूर्वी या प्रकारात एक चूक झाली की पूर्ण शून्य मिळायचं. आता बरोबर टिकेला अधिक एक, चुकीच्या टिकेला उणे एक. बेरीज शून्याखाली जात नाही. पाच पर्यायांत तीन बरोबर आहेत असं धरा. पाचही टिक केले तर तीन वजा दोन, म्हणजे एक गुण. खात्रीचे दोनच टिक केले तर दोन गुण. प्रत्येक पर्याय स्वतंत्र 'हो की नाही' असा वाचा. पर्यायांची एकमेकांशी तुलना करू नका. 'दोन निवडा' असं स्पष्ट सांगितलं असेल तर उणे गुण नसतात, तिथे दोन पुरे करायचेच.

केस स्टडीत वेळ फार जातो.
— नागपूर

एका रुग्णावर सहा प्रश्न, आणि नर्सेस नोट्स, व्हायटल्स, लॅब अशा वेगवेगळ्या टॅब. वेळ जातो तो प्रत्येक प्रश्नाला सगळा चार्ट पहिल्यापासून वाचल्यामुळे. आधी प्रश्न वाचा, मग नव्याने काय जोडलं गेलंय तेवढी टॅब उघडा. सुटे आकडे बघू नका, त्यांचा उतार बघा. सिस्टोलिक बीपी १२८, मग ११६, मग १०४. नाडी ८८, १०२, ११८. लघवी तासाला ४५, मग ३२, मग २० मिली. बीपी १०४ एकटं दिसलं तर कोणी दचकणार नाही. तिन्ही रांगा शेजारी ठेवल्या की रुग्ण शॉककडे चाललाय हे दिसतं.

मागे जाता येत नाही. चौथ्या प्रश्नात 'सेप्सिसचा (संसर्गामुळे शरीरभर होणाऱ्या गंभीर बिघाडाचा) संशय आहे' असं छापून येतं आणि तिसऱ्यात तुम्ही दुसरंच काही निवडलेलं असतं. ते सोडून द्या आणि पुढचे तीन प्रश्न सेप्सिस धरूनच सोडवा. पाच तासांत जास्तीत जास्त १५० प्रश्न, म्हणजे सरासरी दोन मिनिटं हातात आहेत.

औषधांची गणितं वॉर्डात रोज करते, इथे चुकतात.
— पुणे

गणित येतं, मोजमाप परकं आहे. उदाहरण : वजन १५४ पाउंड, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किलोमागे तासाला १८ युनिट, पिशवीत २५,००० युनिट २५० मिलीत. १५४ भागिले २.२ म्हणजे ७० किलो. ७० गुणिले १८ म्हणजे १२६०. पिशवीत मिलीला १०० युनिट, म्हणून तासाला १२.६ मिली. पाउंडाचे किलो करायचे राहिले तर २७.७ येतं, दुपटीहून जास्त हेपॅरिन. गंमत म्हणजे तोही आकडा पंपावर सहज शोभेल असाच दिसतो. म्हणून वजन दिसलं की आधी एकक वाचा. दशांश किती ठेवायचे हे प्रश्नातच लिहिलेलं असतं. मधल्या पायरीत राउंड करू नका, शेवटी करा. रकान्यात फक्त आकडा टाका.

नावांचंही तेच : आपलं पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन, अॅड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. राइल्स ट्यूब असा शब्द भेटणार नाही, नेझोगॅस्ट्रिक ट्यूब म्हणतात. अशी पन्नासेक नावं एका कागदावर लिहून ड्युटीच्या खिशात ठेवा.

टेलिग्रामवर परीक्षेत आलेले प्रश्न विकत मिळतात. घ्यावेत का?
— सोलापूर

नाही. परीक्षेचा मजकूर बाहेर सांगणं हा नियमभंग आहे. निकाल रद्द होऊ शकतो. आणि संगणक प्रत्येकीला तिच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न देतो, त्यामुळे दुसरीचा पेपर तुम्हाला येतच नाही. त्या यादीतली उत्तरंही ओळखीची वाटतात, पण बरीच चुकीची असतात.

मैत्रिणीची परीक्षा ८५व्या प्रश्नाला बंद झाली. पास की नापास?
— रत्नागिरी

त्यावरून कळत नाही. ८५ ही किमान संख्या. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर किंवा खाली आहे, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. प्रश्न सतत अवघड वाटणं वाईट लक्षण नाही : संगणक तुमच्या कुवतीच्या काठावर प्रश्न देत राहतो, म्हणून साधारण निम्मे बरोबर येतात. याच कारणाने सराव-संचातली टक्केवारी परीक्षेला जशीच्या तशी लावता येत नाही. नापास झाल्यास साधारणपणे ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

लग्नानंतर नाव बदललंय. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. चालेल?
— सातारा

केंद्रावर जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचं पहिलं नाव आणि आडनाव एटीटीवरच्या नावाशी, म्हणजे परीक्षेच्या परवानापत्रावरच्या नावाशी, तंतोतंत जुळावं लागतं. म्हणून परीक्षा घेणाऱ्या पीअर्सन व्ह्यू कंपनीकडे नोंदणी पासपोर्टप्रमाणे करा. परिषदेची कागदपत्रं तिथल्या ज्या नर्सिंग बोर्डाकडे जाणार, त्या फायलीत विवाह प्रमाणपत्र आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत सुरुवातीलाच जोडा. आपल्या पासपोर्टांत 'गिव्हन नेम'च्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही बसलेलं असतं, तेही बघून घ्या. नाव जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवतात, आणि नोंदणी व फी दोन्ही पहिल्यापासून. एटीटी हाती पडली की पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, आणि पासपोर्टाची मुदत परीक्षेच्या तारखेच्या पुढे आहे ना, तेही.