भिंतीवरचा जुना वॉलपेपर घरातल्याच वस्तूंनी कसा काढावा?

तुम्ही विचारलंय की भाड्याच्या फ्लॅटचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय, मालकाला भिंत मोकळी हवीय, तर वॉलपेपर व्हिनेगरने निघेल की फॅब्रिक कंडिशनरने? दोन्हींनी निघतो. पण आधी एक कोपरा नखाने उचलून बघा.

मागे स्टिकरसारखा चिकट गोंद दिसला, तर पाण्याचा उपयोग नाही. हेअर ड्रायर फिरवत राहा आणि गोंद मऊ झाला की कागद भिंतीलगत दुमडत सावकाश ओढा. आपल्याकडे खेचलात तर रंगच काय, लांबीचे (पुट्टीचे) पोपडेही सोबत येतील.

खळीने चिकटवलेल्या कागदावर बहुधा व्हिनाइलचा थर असतो. त्यातून पाणी आत जातच नाही, आणि लोक वरूनच फवारत बसतात. तो थर कोरडाच सोला. मागे पांढुरका कागद उरेल, खरं काम त्याच्यावर. थर सुटतच नसेल तर पॉलिश पेपरने हलके ओरखडे पाडा.

आता त्या खोलीचा मेन स्विच बंद करा, लादीवर जुनी चादर अंथरा. लिटरभर गरम पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. कंडिशनरने पाणी पटकन मुरतं हे खरं, पण त्याचा ओशटपणा भिंतीवर राहतो आणि धुण्याचं काम वाढतं, म्हणून मला ते आवडत नाही. तसं पाहिलं तर खळ मुख्यतः गरम पाण्यानेच सुटते, बाकी सगळं मदतनीस. थोडाच भाग भिजवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, सुकायला लागला तर परत फवारा. कागद गडद होऊन बोटाने ढकलल्यावर सरकला, की नॉन-स्टिक तव्याचं लाकडी उलथणं खाली सरकवा. लोखंडी पत्र्याने पीओपीत खड्डे पडतात, मग ते भरायचा खर्च तुमच्याच माथी.

गिरगाव-लालबागकडच्या जुन्या चाळीत चुन्याची भिंत असेल तर व्हिनेगर नकोच, ते चुना खातं. तिथे नुसतं गरम पाणी.

कागद निघाल्यावर ओला हात फिरवा. बुळबुळीत लागलं तर खळ बाकी आहे. स्पंजने पुसून घ्या, नाहीतर वरचा रंग पुढे पोपडे धरतो.

पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर वॉलपेपरमागे काळी बुरशी सापडू शकते. ब्लीच वापरणार असाल तर व्हिनेगर लावलेली भिंत आधी साध्या पाण्याने नीट धुवा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या खोल्या काय मापाच्या असतात ते तुम्हाला माहीतच आहे. भिंतीत ओल दिसली तर लगेच फोटो काढून मालकाला पाठवा, डिपॉझिटचा विषय निघायच्या आत.